साधुवेषातील पत्रे

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रींची मूर्ती घरोघर येते. परंतु परळ-लालबागच्या वस्तीत उत्सवाची पहिली चाहूल लागते ती चाळीच्या जिन्यावर, मंडळाच्या पावतीपुस्तकाने. वर्गणी मागावयास आलेला मुलगा कोणाचा, कोणत्या खोलीतला, त्याचे आजोबा कोणत्या गिरणीत साच्यावर होते, हे दार उघडणाऱ्या माउलीस ठाऊक असते. पावतीवर अनुक्रमांक असतो, मंडळाचा शिक्का असतो, खजिनदाराची सही असते. आणि विसर्जनानंतर त्या पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवला जातो. चिंचपोकळीचे मंडळ १९२० सालचे, गणेश गल्लीचे १९२८ सालचे, लालबागच्या राजाचे १९३४ सालचे. एवढा दीर्घकाळ ही मंडळे टिकली त्यास कारणे अनेक असतील. त्यांतले एक मोठे कारण असे की मागणारा आणि देणारा एकमेकांस ओळखत होते.

अलीकडे मागणारा पुष्कळदा दारात येतच नाही. त्याचे पत्र येते. ते ई-मेलने येते, मोबाइलवरच्या संदेशातून येते. त्यात आपले नाव शुद्ध लिहिलेले असते, आरंभी ‘सप्रेम नमस्कार’ आणि शेवटी ‘आपला नम्र’ असते. गणपतीस गावी जावयाच्या गाडीचे आरक्षण, दर्शनाचा विशेष पास, घरपोच प्रसाद, अन्नदानासाठी देणगी असे काहीतरी मध्ये असते. आणि तळाशी बोट लावावयाची एक निळी ओळ किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन. सणाच्या पानावर हा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु सण हाच ज्यांचा हंगाम, त्यांच्याविषयी सणातच बोलले पाहिजे. ही पत्रे पूर्वी माणसाच्या लोभावर बेतलेली असत. आता ती आपल्या श्रद्धेवर आणि घरच्या माणसांविषयीच्या जिव्हाळ्यावर बेतली जात आहेत. म्हणून भाविक घरांनी त्यांचा विचार निराळ्या रीतीने करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

बिनबोलावलेली पत्रे आपल्याला नवी नाहीत. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला. त्या काळात संतोषी मातेच्या, तिरुपतीच्या बालाजीच्या नावाने घरोघर येणारी पोस्टकार्डे पुष्कळांना आठवत असतील. अशीच इतकी पत्रे इतरांस लिहा. अमक्याने लिहिली त्यास लॉटरी लागली, तमक्याने कार्ड फाडले त्याची नोकरी गेली, असा त्यांतला मजकूर. किती गृहिणींनी दुपारच्या वेळी बसून ती कार्डे भीतीपोटी लिहिली असतील, त्याची गणती नाही. टपाल खात्याचा त्यात लाभ झाला, एवढेच! मात्र त्या कार्डांत एक गोष्ट बरी होती. ती सर्वांना सारखी होती. आपल्या घरी आजारपण आहे की लग्नकार्य, हे कार्ड धाडणाऱ्यास ठाऊक नसे.

संगणकावरच्या पत्रांचा आरंभही असाच झाला. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या एका विक्री-अधिकाऱ्याने त्या वेळच्या संगणकजाळ्यावरील सुमारे चारशे जणांस एकदम विक्रीचे निमंत्रण धाडले; ‘स्पॅम’ची जन्मवेळ तीच, असे मानले जाते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पाठोपाठ हा उपद्रवही आला. आफ्रिकेतील कोणा मृत अधिकाऱ्याची कोट्यवधींची ठेव, परदेशी लॉटरीत लागलेले बक्षीस, असल्या त्या पत्रांचे इंग्रजी इतके मोडके असे की शाळकरी मुलानेही हसावे. त्यांच्यापासून आपले रक्षण पोलिसांपेक्षा त्या अशुद्ध भाषेनेच अधिक केले.

मग चाळणी आली. पत्रातले कोणते शब्द किती वेळा आले यावरून ते कामाचे की कचऱ्याचे, याचा संभव मोजण्याची रीत २००२ नंतर सर्वत्र रूढ झाली. लाखो लोकांस धाडलेला एकच मजकूर त्या चाळणीत अडकू लागला. चोराने तेव्हा जे केले ते कोणताही हुशार फेरीवाला करतो. सर्व गल्लीत एकच आरोळी ठोकण्याचे सोडून तो एकेका दाराशी थांबून त्या घरास काय हवे ते विचारू लागला. प्रत्येक पत्र थोडे निराळे, प्रत्येकात त्या माणसाचे नाव, गाव, बँक, नुकतीच केलेली खरेदी.

येथे ई-मेलची एक मूळचीच उणीव त्याच्या कामी आली. या पत्रव्यवहाराचे मूलभूत नियम १९८२ साली ठरले, तेव्हा तो मूठभर संशोधकांपुरता होता. पाकिटावर पाठवणाराचे नाव कोणी काय लिहावे, हे टपालवाला जसे तपासत नाही, तसेच या नियमांतही तपासणी नव्हती. पुढे ती जोडण्यात आली. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे धाडणाऱ्यांस आपली ओळख तांत्रिक रीतीने सिद्ध करण्याची सक्ती केली. ही सक्ती चांगलीच. परंतु चोर आता बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून स्वतःचाच पत्ता विकत घेतो आणि त्या पत्त्याची ओळख रीतसर सिद्ध करतो. तपासणारे यंत्र म्हणते, हा जो म्हणतो तोच आहे. ते खरेही असते. फक्त तो आपली बँक नसतो. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातील बँकांच्या संकेतस्थळांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा राखीव शेवट ठरवून दिला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर जाण्यास सांगितले, त्याचे कारण हेच. हा शेवट नोंदणीकृत बँकेवाचून दुसऱ्यास मिळत नाही. घरातल्या ज्येष्ठांनी एवढी एक खूण पाठ करून ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

याहून मोठा बदल भाषेचा आहे, आणि त्याकडे आपल्या मराठी घरांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आपल्या भाषेचा आपल्याला एक कोट होता. दूर कोठे बसलेल्या ठगास इंग्रजी येई, हिंदी येई. मराठी येत नसे. आले तर ते असे ओबडधोबड येई की वाचताक्षणी संशय यावा. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आली आणि हा कोट पडला. आज कोणासही, मराठीचे एक अक्षर न शिकता, ‘आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीस आराम पडो’ असे वाक्य लिहून घेता येते. शुद्धलेखन चांगले म्हणजे माणूस चांगला, हा आपल्या शाळामास्तरांनी लावलेला मापदंड येथे उपयोगाचा राहिलेला नाही.

वाल्मीकि रामायणातील अरण्यकांड आपल्याकडे भक्तिभावाने वाचले जाते. या दृष्टीने ते पुन्हा वाचावे, असे आम्ही सुचवू. सीतेस काय आवडेल हे जाणून मारीचाने रूप घेतले. तो मृग साधा मृग नव्हे, हा मारीच असावा, असे लक्ष्मणाने त्याच क्षणी सांगितले होते. त्याचे ऐकले गेले नाही. मग मरताना मारीचाने हाक मारली ती हुबेहूब रामाच्या आवाजात, आणि त्या हाकेने लक्ष्मणही आश्रमातून दूर गेला. घरात रक्षण करणारे कोणी उरले नाही तेव्हा रावण आला, तो परिव्राजकाच्या वेषात. सीतेने अतिथी म्हणून त्यास आसन दिले, पाद्य दिले. त्याने विचारपूस करताच आपले नाव, पित्याचे कुळ, पतीचे नाव, वनवासाचे कारण असे सर्व तिने सांगितले. का सांगितले? ब्राह्मण अतिथीस उत्तर दिले नाही तर तो शाप देईल, हे भय तिच्या मनात होते, असे वाल्मीकी स्पष्ट सांगतात. लक्ष्मणरेषा मूळ वाल्मीकींच्या काव्यात नाही, ती पुढची भर आहे. त्यामुळे सीतेने रेषा ओलांडली म्हणून अनर्थ झाला, असा ठपका ठेवण्यास मूळ ग्रंथात आधारही नाही. तिने अतिथिधर्म पाळला. अपराध वेष घेणाऱ्याचा होता.

आवडीप्रमाणे रूप, ओळखीचा आवाज, घर एकटे असण्याची वेळ, पूज्य वेष, आणि नाही म्हटले तर शापाचे भय. आजच्या पत्रांत याहून निराळे काय असते? काही सेकंदांचे ध्वनिमुद्रण हाती असले तर मुलाच्या वा नातवाच्या आवाजाची नक्कल आज यंत्र करते. ‘आई, मी संकटात आहे’ ही हाक मारीचाच्या हाकेइतकीच फसवी असू शकते. शापाच्या जागी अटकेची धमकी आली आहे. दक्षिण मुंबईतील ८६ वर्षांच्या एका वृद्धेस अशाच खोट्या पोलिसांनी डिसेंबर २०२४ पासून दोन महिन्यांहून अधिक काळ फोनवर धाकात ठेवले आणि वीस कोटी रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली. तिच्या वागण्यातला फरक प्रथम ध्यानात आला तो घरकाम करणाऱ्या बाईच्या.

आता देवाच्या नावाविषयी. अयोध्येतील प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारी २०२४ रोजी झाली. तिच्या आधीच्या आठवड्यांत मंदिराच्या नावाने देणगी मागणारे खोटे चौकोन फिरू लागले आणि विश्व हिंदू परिषदेस सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. एका संकेतस्थळाने तर प्रसाद विनामूल्य घरपोच देण्याचे जाहीर केले. पाठवणावळ म्हणून भारतातील भक्तांकडून ५१ रुपये व परदेशातील भक्तांकडून ११ डॉलर घेतले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सहा लाखांहून अधिक भाविकांनी मिळून सुमारे ३ कोटी ८५ लाख रुपये भरले. त्यांपैकी सुमारे २ कोटी १५ लाख पुढे परत करण्यात आले. या आकड्याकडे नीट पहावे. पन्नास नव्हे, एक्कावन्न! ओटीत, आहेराच्या पाकिटात, आरतीच्या तबकात आपण जो वरचा एक रुपया ठेवतो तोही मागणाऱ्यास ठाऊक होता. एवढ्याशा रकमेसाठी तक्रार करावयास कोणी जाणार नाही, आणि देवाच्या नावाने दिलेले परत कसे मागावे, असा संकोच प्रत्येकास वाटेल, हे त्यात गृहीत धरलेले दिसते. केदारनाथची हेलिकॉप्टर-यात्रा, तीर्थक्षेत्रांतील अतिथिगृहे यांच्या नकली आरक्षण-संकेतस्थळांविषयी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर विभागाने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना सावध केले, तेही याच मालिकेतले. अध्यात्म रामायणातला कालनेमी हनुमंतास अडवावयास मुनीचा वेष घेऊन बसला होता, त्याची येथे आठवण होते.

हे भोळ्याभाबड्या भाविकांचेच होते, असे मानणाऱ्या सुशिक्षितांसाठी एक उदाहरण पुरे. नोव्हेंबर २०१८ मध्ये टेक्निमाँट या इटालियन अभियांत्रिकी कंपनीच्या मुंबईतील शाखेस मुख्य कार्यालयातील सर्वोच्च अधिकाऱ्याच्या नावाने ई-मेल आले. चीनमध्ये एक कंपनी गुप्तपणे विकत घ्यावयाची आहे, असे त्यांत होते. पाठोपाठ दूरध्वनीवर बैठका झाल्या; त्यांत खोटे अधिकारी आणि खोटे वकील बोलले. पत्रांची भाषा, अधिकाऱ्याची धाटणी, सर्व जमलेले होते. शाखेने तीन हप्त्यांत सुमारे १३० कोटी रुपये धाडले. तेथे काय हिशेबनीस नव्हते, की कायदेतज्ज्ञ नव्हते? ज्याच्या आज्ञेत आपण आहोत त्याची आज्ञा आली की माणूस ती पाळतो. कार्यालयात साहेबाची, घरात देवाची.

मग आपली इतकी नेमकी माहिती यांस मिळते कोठून? काही चोरीची असते. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे तपशील, आजारांच्या कागदांसह, टेलिग्रामवर मिळत असल्याचे उघड झाले. परळ ही रुग्णालयांची वस्ती आहे. केईएम आणि टाटा स्मारक रुग्णालयांच्या आसपास दूरदूरच्या गावांहून आलेले नातेवाईक महिनोन् महिने दिवस काढतात. रुग्णाचे नाव आणि आजार ज्यास कळला, तो मदतनिधीच्या नावाने काय लिहील, याची कल्पना करवत नाही. गिरणी कामगार आणि त्यांचे वारस घराच्या सोडतीची वाट पाहत आहेत; आपण कोणीही मध्यस्थ नेमलेला नाही असे म्हाडा वारंवार जाहीर करते, तरी म्हाडाच्या नावाचे पत्र आले की त्या घरातील म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो.

परंतु पुष्कळशी माहिती चोरावी लागत नाही. ती आपणच देतो. सत्यनारायणाच्या पूजेचे निमंत्रण पत्ता आणि मोबाइल क्रमांकासह सर्वांना दिसेल असे टाकतो. गावी निघताना गाडीतले छायाचित्र लावतो, म्हणजे घरास कुलूप आहे हेही सांगून होते. येथे आम्हांस मंडळांशीही थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. देणगीदारांची नावे अहवालात छापणे ही जुनी आणि योग्य रीत. तिच्यामुळे हिशेब स्वच्छ राहिला. परंतु नाव, खोली, मोबाइल क्रमांक आणि रक्कम अशी सबंध यादी जेव्हा शेकडो जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरते, तेव्हा ती कोणा देवास किती देतो याची चोरासाठी तयार केलेली वही होते. पूर्वीचा अहवाल परळच्या बाहेर जात नसे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला; त्याची कलमे मंडळांस कितपत लागू होतात ते वकील सांगतील. कायद्याची वाट पाहण्याची मात्र येथे गरज दिसत नाही.

आणि घरांशी बोलावयाचे ते लाजेविषयी. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील लोकांनी अशा फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. हा आकडा तक्रार झालेल्यांचा आहे. न बोलता गिळलेले दुःख त्यात नाही. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा काही तासांत पांगतो. १९३० या क्रमांकावर लगेच फोन केला तर बँकांना तो वाटेत अडवता येतो, उशीर झाला तर नाही. हा उशीर होतो कशाने? मुलगा काय म्हणेल, सुनेपुढे मान खाली जाईल, या विचाराने. आजीने ५१ रुपये भरले आणि घरातल्यांनी तिची थट्टा केली, तर पुढच्या वेळी ५१ हजार गेले तरी ती सांगणार नाही. ज्या घरात वडीलधाऱ्यांस फसल्यावर बोलणी खावी लागतात, त्या घरात लबाडांस आणखी एक संधी मिळते. तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. वडीलधाऱ्यांनीही, घरातला कोणी लक्ष्मणासारखा शंका काढू लागला तर, तो धर्मनिंदा करतो असे समजून त्यास गप्प बसवू नये. देवस्थानाचा क्रमांक आलेल्या पत्रातून न घेता आपल्या जुन्या पावतीवरून घ्यावा आणि त्यावर विचारावे. देव एक दिवस थांबतो. ‘आजच भरा’ अशी घाई त्याच्या नावाने दुसरेच कोणी करत असते.

१८९३ साली गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ झाला, तेव्हापासून मंडपातून लोकांस शहाणे करण्याची परंपरा आहे. परळ-लालबागच्या देखाव्यांनी गिरणी संप पाहिला, महागाई पाहिली, हुंडाबळी पाहिले. यंदा एखाद्या मंडळाने मारीच आणि मोबाइल एकाच देखाव्यात उभे केले तर गर्दी कमी होणार नाही. तितका खर्च झेपत नसेल त्यांनी मंडपाच्या प्रवेशाशी आपला खरा देणगी-क्रमांक आणि खजिनदाराचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे, दानपेटीवर दुसऱ्याने चिकटवलेला चौकोन तर नाही ना हे रोज सकाळी आरतीपूर्वी कार्यकर्त्याने पाहावे, आणि दुपारच्या वेळी, जेव्हा रांग कमी असते, वस्तीतील ज्येष्ठांस त्यांचे मोबाइल घेऊन अर्धा तास बोलवावे. मुलांना हे सर्व येते. आजोबांना शिकवावयास त्यांस कोणी सांगत नाही, इतकेच.

राहता राहिली देणगीदारांची यादी. अनंत चतुर्दशीनंतर हिशेबाची सभा होईल आणि अहवाल छपाईस जाईल; त्यातून मोबाइलचा रकाना वगळावा, आणि यादी व्हॉट्सअ‍ॅपवर न टाकता मंडळाच्या कार्यालयात पाहावयास ठेवावी, एवढा ठराव त्या सभेपुढे कोणाही सभासदास मांडता येईल.